मार खाणारा रणजित

रणजित गेल्याची बातमी मला कोणी फोन करून दिली नाही. ती एका व्हिडिओतून आली, आणि तीही कौतुकासकट. शाळेची मधली सुट्टी होती, मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. आमच्या नाट्यविभागाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, 'रणजित भैया का नया शो, पडाव पे. गजब!' पडावच्या रिक्षास्टँडवर माणसांचं कोंडाळं, मधे रणजित ओणवा, त्याच्या अंगाखाली कोणीतरी दडलेलं, आणि वरून काठ्या, पट्टे, चपला. मागे एक जण चक्क हसत होता. मी घास चावत, सवयीनं पाहत होते, कारण रणजितचा मार पाहणं आणि टिपणं हे कॉलेजपासून माझंच काम होतं. आणि मग लक्षात आलं की आवाज चुकतोय. आमच्या नाटकात माराचा आवाज मार खाणारा काढतो. मारणाऱ्याचा हात हवेतून जातो आणि नेमक्या त्याच वेळी मार खाणारा, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेतानं, स्वतःच्या छातीवर किंवा मांडीवर थाप मारतो. व्हिडिओत रणजितचे दोन्ही हात त्या खालच्या माणसाच्या डोक्याभोवती होते. तरी आवाज येत होता... डबा तसाच टाकून मी धावले. पडावला विचारत विचारत दवाखान्यात पोचले तेव्हा आमच्या नाटकातला देवेंद्र बाहेरच्या पायरीवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही, त्यावरून मला कळलं.

आम्ही दोघं लष्करातले, म्हणजे शहराच्या लष्कर नावाच्या जुन्या मराठी वस्तीतले. तो खासगी बाजारातला, मी दौलतगंजमधली. त्याचे पूर्वज तलवारी घेऊन दक्षिणेतून आले आणि आमचे पोथ्या घेऊन. "तुमच्या लोकांनी मुहूर्त काढले म्हणून तर आम्ही लढाया हरलो," असं तो मला येताजाता ऐकवायचा. मी म्हणायचे, मुहूर्त बरोबर होते, तुम्ही उशिरा उठलात. आमच्या घरात राग आला की माणसं ताट सरकवतात आणि दोन दिवस बोलत नाहीत. त्याच्या घरात हात उठायचा. काका, म्हणजे त्याचे वडील, वीज खात्यात नोकरीला होते आणि रविवारी सकाळी मैदानावर मुलांना लाठी शिकवायचे. शिकवण्यात आणि मारण्यात त्यांना फारसा फरक वाटत नसे. रणजित सहावी-सातवीत असताना त्याचा वार एकदा चुकला, तर काकांनी सगळ्या पोरांसमोर त्याच्या पाठीवर लाठी मोडली होती. हे तो हसत हसत सांगायचा. मला ते हसू कधीच आवडलं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी नाट्यविभागाच्या सरांनी आम्हाला सांगितलं की यंदा संहिता नाही. नाटक लिहायचं नाही, अंगातून काढायचं, आणि कसं काढलं ते रोज टिपून ठेवायचं. मला कोलांटी मारता येत नव्हती, त्यामुळे डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात पडलं. मोबाइल तिपाईवर लावायचा, तालीम सुरू झाली की बंद करायचा नाही, काहीही झालं तरी मधे पडायचं नाही, हा सरांचा नियम. विषयही माझ्याच तोंडून निघाला. आदल्या दिवशी मी आमच्या गच्चीतून पाहिलं होतं, दौलतगंजच्या गल्लीत एका फेरीवाल्याला चोर समजून लोक तुडवत होते, आणि समोरचा कापडवाला गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत होता. त्यानं घडीसुद्धा नीट घातली. मी हे वर्गात सांगितलं, आणि देवेंद्र उठून मधे उभा राहिला. मुरैनाचा उंचापुरा पोरगा, मन मऊ आणि हात फावड्याएवढे. म्हणाला, "मारने वाला मैं बनता हूँ."

पहिल्याच तालमीत त्यानं रणजितचा ओठ फोडला. चुकून नव्हे, खरंच फोडला. आणि गंमत अशी, गंमत कसली, भयंकर गोष्ट अशी की त्यानंतर आमच्यातल्या एकेकाला सुरसुरी आली. मारायला कोणाला शिकवावं लागलं नाही. एरवी टाचणी पडल्यागत बोलणारी एक मुलगी मुठी आवळून रणजितच्या पाठीत गुद्दे घालत होती आणि थांबायला तयार नव्हती. तिला ओढून काढावं लागलं. नंतर ती कोपऱ्यात ओकली. ते सगळं माझ्याकडे चित्रित आहे. त्यात सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि ते चेहरे मला पुढे कित्येक दिवस जेवताना दिसायचे. सर म्हणाले, हे नाटक बंद करू. तेव्हा रणजितनं रक्त पुसलं आणि म्हणाला, "सर, बंद नका करू. पण आता खेळ मार खाणारा चालवणार. मी वर पाहिल्याशिवाय कोणाचा हात उठणार नाही. मी पडेन तेव्हा पडेन, तुम्ही पाडायचं नाही." मग तो देवेंद्रकडे वळला, "समझ रहा है ना? तू बस हाथ चला, दर्द मैं बनाऊँगा."

तिथून आमचं खरं काम सुरू झालं. दिवसभर एकच थप्पड घोटायची. रणजितनं नजर द्यायची, देवेंद्रनं हात सोडायचा, रणजितनं थाप मारून मान फिरवायची आणि डाव्या कुशीवर पडायचं. अंगाला अंग लागायचं नाही, पण पाहणाऱ्याला मार खराच वाटला पाहिजे. मी संध्याकाळी चित्रण लावायचे आणि तो माझ्या शेजारी बसून स्वतःला शिव्या घालायचा, हे पाहा, इथे मी घाबरलेलो नाही, इथे नुसता अभिनय करतोय. एकदा मी चिडून विचारलं की तुला मारच का खायचाय, मारणारा का होत नाहीस, लाठी तर तुला येते. त्यानं पडद्यावरचं चित्रण थांबवलं. मग म्हणाला, "अगं, घरी कधी पडेल ते मला कधीच माहीत नसायचं. इथे मला माहीत असतं. बस, एवढंच." त्याच्यावर माझा जीव होता तो त्या दिवसापासून. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आता इथे सांगतेय.

परीक्षेच्या प्रयोगाला काका आले. बोलावलं कोणी ते माहीत नाही, काकूंनी पाठवलं असणार. पहिल्या रांगेत ताठ बसले. देवेंद्रनं मारायला सुरुवात केली, रणजित पडला, उठला, पुन्हा पडला, आणि काका उठले. सरळ रंगमंचावर चढले. देवेंद्रला त्यांनी हातही लावला नाही. त्यांनी रणजितची कॉलर धरून त्याला उभं केलं आणि कानाखाली खणखणीत वाजवली. "हात नाहीत का तुला? आमच्या घरातला ना तू?" सगळं सभागृह गार. पण काहीही झालं तरी खेळ तोडायचा नाही, हे आमच्या हाडांत इतकं भिनलेलं की कोणी थांबलंच नाही. रणजितनं ती खरी थप्पड घेतली, त्यावर आपली थाप मारली, आणि बापाच्या पायाशी डाव्या कुशीवर पडला. देवेंद्रनं काकांच्या मागे उभं राहून पुढचा हात सोडला. काका मधे उभे, आणि नाटक त्यांच्याभोवती चालूच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नंतर वडिलांची भूमिका करणाऱ्या नटाचं खास कौतुक केलं. आम्ही हसून लोळलो. रणजितचा कान मात्र आठवडाभर वाजत होता, आणि काका तेव्हापासून त्याच्याशी बोलेनासे झाले. कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर म्हणायचे, "मार खातो."

पुढे आम्ही पांगलो, कोणी शाळेत, कोणी दुकानावर, पण दर हिवाळ्यात ते नाटक रस्त्यावर करायचं ठरलेलं. दौलतगंज, पडाव, जिथे माणसं जमतील तिथे. रणजितनं गुडघ्यांना पॅड बांधायचे आणि न सांगता सुरू करायचं. कोणीतरी ओरडायचं, "चोर! पकड़ो!" आणि देवेंद्र तुटून पडायचा. लोक धावून यायचे, पुष्कळदा मारायलाच, आणि मग नाटक आहे असं कळलं की ओशाळून टाळ्या वाजवायचे. काही वर्षांत सगळे ओळखायला लागले. चहावाले, रिक्षावाले त्याला नावानं हाक मारेनात. "अरे, मार खाने वाले भैया आ गए!" त्याला याचा केवढा अभिमान. मला म्हणायचा, शहरानं पदवी दिलीय, तुझ्या बी.एड.पेक्षा मोठी.

त्या दिवशी तो कोणाला तरी रेल्वेत बसवून स्टेशनवरून परतत होता. पडावला एका माणसाला मोबाइल चोरला म्हणून धरलं होतं. पाच-सहा जण त्याला मारत होते. रणजित मधे घुसला, हात जोडले, ऐकेनात तेव्हा त्या माणसाला त्यानं खाली पाडलं आणि स्वतः त्याच्यावर पडला. समोरच्या दुकानांतली माणसं त्याला ओळखत होती. त्यांनी पोलिसांना सांगितलंय, आणि मलाही सांगितलं, मी एकेकाच्या दुकानात जाऊन विचारलं. "हमको लगा, मैडम, नाटक चल रहा है।" एकानं मला चहा पुढे करत हे सांगितलं. तो चहा मी त्याच्या गल्ल्यावर ओतला. बरं केलं असं अजून वाटतं. नाटक वाटलं म्हणे! आमच्या नाटकात रक्त कधी गटारापर्यंत वाहत गेलं होतं? आणि समजा नाटक वाटलं, तर आजवर त्या नाटकात त्यांना आम्ही काय दाखवत आलो? मधे पडा, एवढंच ना? इतकी वर्षं आम्ही त्यांना उठायला शिकवतोय असं समजत होतो, आणि ते बसून पाहायला शिकले. पोलिसांनी काहींना धरलंय, खटला चालेल. ज्याला चोर म्हणून मारत होते त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, पण तो वाचला.

तेराव्याला त्यांच्या घरी नातेवाईक जमले होते, आणि कुजबुज चालली होती ती वेगळीच. असल्या घराण्यातला मुलगा, लाठी येत होती, आणि एक हात उचलला नाही म्हणे. ही कुजबुज काकांच्या कानावर पडत होती, आणि मला दिसत होतं की त्यांना मुलगा गेल्याचं दुःख करायलाही जागा मिळत नाहीये. लोक पांगल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "तू पाहिलायस ना तो व्हिडिओ, बेटा. मी नाही पाहिला. माझ्याशी नाही होणार. फक्त सांग, एक तरी मारली का त्यानं?" मी खोटं बोलू शकले असते. म्हणाले, "नाही काका. एकही नाही." ते मान खाली घालून उठायला लागले, आणि माझा तोल गेला. "उचलायला हात मोकळे होते का त्याचे? पाहा तरी एकदा," असं म्हणून मी मोबाइल त्यांच्या समोर धरला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी पाहिलं. पहिल्यांदा सरळ, मग मला थांबवायला लावून, मग पुन्हा. लाठी शिकवणारा माणूस, त्यांना तिथे मुलगा दिसत नव्हता, पवित्रा दिसत होता. एका जागी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे डावीकडे जागा आहे. हा चपलेवाला लडखडतोय, पाहा. इथून तो निघू शकत होता. मीच शिकवलंय त्याला, घेरा कुठून फोडायचा." मी विचारलं, "आणि निघाला असता तर?" व्हिडिओ पुढे सरकला, ती जागा पुन्हा दिसली, पुन्हा मिटली. "त्याला दिसली होती," काका म्हणाले. "दोनदा मान वळवलीय त्यानं तिकडे." मग ते भिंतीकडे तोंड करून रडले, मोठ्यानं, आणि काकूंनी दार लोटून घेतलं. मी बाहेर ओसरीत बसून राहिले.

परवा दसऱ्याला काकांनी मला बोलावून घेतलं. घरात वर्षाचं दुःख, तोरण नाही, गोडधोड नाही. पण काका म्हणाले, सण राहू दे, हत्यारं उपाशी ठेवत नाहीत. त्यांच्याकडे दसऱ्याला शस्त्रांची पूजा असते. पाटावर पांढरं फडकं, त्यावर पूर्वजांची तलवार, दोन कट्यारी, काकांची तेल पाजलेली लाठी, सगळी पुसून ओळीनं मांडलेली. आणि ओळीच्या शेवटी रणजितचे गुडघ्यांचे पॅड. काळे, इलास्टिक सैल झालेले, एकातला फोम बाहेर आलेला, वर दौलतगंजची की पडावची कोण जाणे, वाळलेली माती. काकूंनी हळूच विचारलं, "अहो, हे काय हत्यार आहे?"

"त्याचं हेच होतं," काका म्हणाले. तलवारीला लावलं तसं त्यांनी दोन्ही पॅडना कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. त्या फुगीर फोमवर फूल ठरेना, सारखं घरंगळायचं. त्यांनी ते दोन-तीनदा उचलून ठेवलं, आणि शेवटी आरती संपेपर्यंत त्याच्यावर हात ठेवून बसले.