मीठ थिजलं त्या पहाटे

मीठकाका मूळचे कोळशाचे. पंचवीस वर्षं त्यांनी जुन्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळला आणि त्याच केंद्राच्या राखेने त्यांच्या बायकोची छाती पोखरली. म्हणून शहराबाहेर सूर्याच्या उष्णतेवरचं केंद्र उभं राहिलं, तेव्हा काका हट्टाने तिकडे गेले. थोरला भाऊ कोळशातच राहिला.

"ऊन मावळलं की तुझं दुकान बंद," तो डिवचायचा.

"अरे दादा, आरसे दिवसा मीठ वितळवतात. ते टाकीत भरून ठेवतो आणि रात्री त्याच्याच उष्णतेवर वाफ करतो. तुझ्या डोक्यात नाही शिरायचं ते."

सरकारची अट होती: तीस दिवस अखंड वीज द्या, मग कोळशाचं केंद्र बंद करू. घरी बायको धापा टाकत एकेक दिवस मोजत होती.

सव्विसाव्या दिवशी आभाळ भरून आलं, ते हटायचं नाव घेईना. अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी गरम मिठाची पातळी खुणेखाली गेली. अशा वेळी यंत्र थांबवायचं आणि नळ्यांतलं मीठ पातळ आहे तोवर टाकीत उतरवून घ्यायचं, नाहीतर नळ्यांतच त्याचा दगड होतो. हा नियम काकांनीच सगळ्यांकडून घोकून घेतला होता.

"काका, उतरवू या ना," हाताखालची ऑपरेटर म्हणाली. "परीक्षा पुन्हा देता येईल."

"पुन्हा म्हणजे वर्षाने. तेवढा वेळ नाही गं माझ्याकडे. उद्या ऊन पडेल."

खरं तर वेळ बायकोकडे नव्हता. एरवी तोलून मापून बोलणारा हा माणूस, पण आशेपुढे त्याची अक्कल चालेना. पहाटे यंत्र आपणहून थांबलं आणि नळ्यांतलं मीठ थिजलं. ते वितळवायच्या खटपटीत नळ्या फुटल्या. महिन्याभरात केंद्राला कुलूप लागलं.

भाऊ घरी आला. या खेपेला त्याने टोमणा मारला नाही. "आमच्याकडे एक जागा आहे," एवढंच म्हणाला. काकांना ते टोमण्याहून जास्त लागलं.

तो गेल्यावर बायकोने विचारलं, "चूक कोणाची हो?"

ढगांवर ढकलता आलं असतं. काका म्हणाले, "माझी. थांबवायला हवं होतं, मी थांबवलं नाही."

तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "माझ्यासाठीच ना?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती त्यांचा हात धरून बसली. सोमवारी काका पुन्हा कोळशाच्या बॉयलरवर रुजू झाले.