आभाराचा मजकूर

आमच्या चर्चच्या मासिकात शेवटच्या पानावर आभार छापले जायचे. कोणी परीक्षा पास झालं, कोणाची सून सुखरूप बाळंत झाली, कोणाला आखातात नोकरी लागली, सगळ्यांचे आभार त्या पानावर. नवस फेडला तरी आभार छापून येईपर्यंत तो पुरा झाला असं आमच्या गावात कोणी मानत नसे. चर्चच्या दारापाशी एक लाकडी पेटी होती, तिच्यात मजकूर टाकायचा. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी पेटी उघडायची, आणि तो मजकूर छापून घरोघरी यायला पुढे पाच-सहा आठवडे जायचे. माझं अक्षर वळणदार, शिवाय मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली, त्यामुळे निम्म्या गावाचे आभार मीच लिहून द्यायचे. त्याचा मला तोराही होता. एखादीने नुसतं ‘देवाचे आभार’ म्हटलं, तर मी त्याच्या चार ओळी करून द्यायची.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बाबांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. वाडीत बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं, त्यावर पंप बसवलेला. एका गुरुवारी सकाळी पंप उचलताना बाबा बावखलाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरले आणि उजवा हात अंगाखाली आला. कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडली. पायरीची कड डोक्याला लागता लागता राहिली. आईने जागच्या जागी मारिया मातेला नवस केला.

रिक्षाने विरारला गेलो. बोळिंजच्या बाजूला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर एक दवाखाना निघत होता. त्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांचं नाव आमच्याकडे चांगलं होतं, हाताला गुण आहे म्हणायचे. त्यांनी एक्स-रे काढला, हाड ओढून बसवलं आणि बोटांच्या पेरांपासून दंडापर्यंत बंद प्लास्टर घातलं. मी विचारलं, “दुखेल का हो?” डॉक्टर हसले. “हाड मोडलंय बाई, दुखणारच. गोळ्या घ्या, हात उंच ठेवा, दहा दिवसांनी या.” कागदावर फक्त गोळ्यांची नावं होती. बोटं सुजली, निळी पडली, बधिर झाली तर असेल तसं उठून यायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. बाकीचं मी काहीही विसरेन, पण ते ‘दहा दिवसांनी या’ विसरणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाशी बसून आभार लिहीत होते. दुसऱ्या दिवशी पेटी उघडणार होती, आणि आईला या महिन्याचा अंक चुकवायचा नव्हता. बाबा समोरच्या आरामखुर्चीत, हात उशीवर ठेवून. प्लास्टरमधून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. ती सुजली होती. मी पाहिली होती, पाहिली नाही असं म्हणणार नाही. बाबा म्हणाले, “पोरी, डॉक्टरकडे नेतेस का? आतमदी आग लागल्यासारका होते. बोटा माजी नायतच असा वाटते.”

माझे बाबा कण्हणाऱ्यातले नव्हते. कोयता लागून टाके पडले तरी संध्याकाळी मोगरा खुडायला बसणारा माणूस. अशा माणसाने ‘नेतेस का’ म्हटलं की उठून रिक्षा बोलवायची असते. मी काय केलं? मान वर न करता म्हटलं, “बाबा, दुखणारच म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी? दोन दिवस कळ काढा. ऊठसूट गेलो तर काय म्हणतील ते?” बाबांनी डाव्या हाताने उशी सारखी केली. मी ओळ पुरी केली. ‘मारिया मातेच्या मध्यस्थीने आमच्या बाबांचा जीव वाचला. तातडीने व आपुलकीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेही मनःपूर्वक आभार.’ ‘आपुलकीने’ हा शब्द मी नंतर वर काकपद करून घातला. त्याशिवाय वाक्याला वजन येत नव्हतं.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर आईने बोटं पाहिली आणि किंचाळली. काळीनिळी झाली होती. डॉक्टरांनी धावपळ करून प्लास्टर कापलं, मग मुंबईला न्या म्हणाले. मुंबईच्या सरकारी इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं की आतल्या सुजेने रक्त अडलं, स्नायू मेले. “पहिल्या एक-दोन दिवसांत प्लास्टर कापलं असतं तर हात वाचला असता,” असं तो म्हणाला. दोन ऑपरेशनं झाली. हात राहिला, पण बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. कोयता नाही, कळी नाही, पेन नाही. शर्टाच्या बाहीचं बटणसुद्धा मी लावून द्यायची.

आम्ही इस्पितळात असतानाच मासिक आलं. पेटीत टाकलेल्या त्या कागदाची कोणाला आठवणही नव्हती. भेटायला आलेल्या एका शेजारणीने कौतुकाने सांगितलं, “वाचले हां आभार, छान लिहिलेत.” मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

डॉक्टरांविरुद्धही ठाण्याच्या ग्राहक मंचात जाता येतं हे तेव्हा नव्यानेच कानावर येऊ लागलं होतं. वसईतल्या एका वकिलांनी तक्रार लिहिली. बाबा सातवी शिकलेले, सही झोकात करायचे, तिच्याखाली दोन रेघा ओढायचे. तक्रारीवर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. कारकुनाने सवयीने ‘निरक्षर’ लिहिलं, ते मी भांडून खोडायला लावलं. बाबांना एवढंच हवं होतं की कोणीतरी अधिकाराच्या माणसाने लिहून द्यावं, यात तुमची चूक नव्हती. कारण गावात उलटं बोललं जात होतं. प्लास्टर घेऊन वाडीत राबला असेल, देवमाणसावर केस करतात, असं चर्चच्या आवारात लोक आम्हाला ऐकू येईल इतपत हळू बोलायचे.

डॉक्टरांनी लेखी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी दाखवायला बोलावलं होतं, रुग्ण आला नाही, असं त्यात होतं. आणि सोबत पुरावा म्हणून आमच्याच मासिकाचं शेवटचं पान जोडलेलं. अपघातानंतर दीड महिन्याने तक्रारदाराचं कुटुंब जाहीर आभार मानतं, मग निष्काळजीपणा कुठला?

वकील माझ्यावर उखडले. “हे कोणी लिहिलं?” मी लिहिलं. “कधी?” दुसऱ्याच दिवशी. “कागद आहे?” नव्हता. छापून झालं की चिठ्ठ्या रद्दीत जायच्या, आणि मासिक पाहणाऱ्या फादरांची बदली झाली होती. म्हणजे उरले मी. मंचापुढे उभं राहून सांगायचं की मजकूर शुक्रवारी लिहिला, हात जायच्या आधी. तसं प्रतिज्ञापत्र मी दिलं. त्या संध्याकाळी टेबलाशी आणखी काय बोलणं झालं, ते मात्र मी वकिलांनाही सांगितलं नाही. आईलाही नाही. बाबांनी कधी विषय काढला नाही, आणि ते विसरले असतील अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

तारखा पडत गेल्या. जबाब द्यायची वेळ आली तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं. घोडबंदरचा रस्ता त्या दिवशी बंद होता, म्हणून एसटी कामण-भिवंडीवरून ठाण्याला गेली. गोदामांचे ट्रक रस्त्यात आडवे, बस मुंगीच्या पावलांनी. त्या तीन तासांत माझा धीर सुटला. खोटं बोलायला मी जात नव्हते, पण अर्धं खरं घेऊन जात होते, आणि ते मला झेपेना. मंचाच्या व्हरांड्यात मी वकिलांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. बाबांनी न्यायला सांगितलं होतं, मीच अडवलं, कारण डॉक्टर म्हणाले होते दुखणारच, दहा दिवसांनी या.

मला वाटलं वकील डोक्यावर हात मारतील. ते तर खूश झाले. “अहो, हे पाच वर्षं पोटात ठेवलंत? हेच तर पाहिजे! दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं तर तुम्ही कशाला अडवलं असतंत? हे जसंच्या तसं सांगा. समोरचे वकील तुम्हाला फाडून खातील, बापाचा हात तुम्हीच घालवलात म्हणतील. म्हणू देत. रडू आलं तर रडा.”

बाबा दोन हातांच्या अंतरावर बाकावर बसले होते. पुढे बघत होते. ऐकत नव्हते असं मला वाटलं.

आधी त्यांना बोलावलं. डॉक्टरांच्या वकिलांनी मासिकाचं पान पुढे धरलं आणि विचारलं, हा मजकूर कधी दिला?

बाबा घरात बोलीत बोलायचे, पण तिथे शाळेत शिकलेल्या मराठीत सावकाश, एकेक शब्द मांडत बोलले. “महिन्याभराने दिला. मीच सांगितला लिहायला. मुलीला काही ठाऊक नव्हतं.”

“प्लास्टर घातल्यावर त्रास होत होता?”

“होत होता. पण मी घरी कोणाला सांगितलं नाही. अंगावर काढलं.”

“डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं?”

“आठवत नाही. बोलावलं असेल.”

आमचे वकील उठून काहीतरी म्हणाले, पण सगळं टंकलेखकाने टाइप केलं होतं. बाबांनी त्याखाली अंगठा दिला.

बाहेर येऊन वकिलांनी फाइल बाकावर आपटली. मला म्हणाले, “अजून तुमचा जबाब बाकी आहे. आत जा आणि सांगा की वडील खोटं बोलताहेत, तुम्हाला वाचवायला. बोला, जाताय?”

बाबा माझ्याकडे बघत होते. पाच वर्षांत मी त्यांना काही मागताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. ‘जात नाही,’ असं मी म्हणाले. वडिलांना चारचौघांत खोटं पाडणं मला जमणार नाही असं कारण दिलं, आणि वकिलांना ते पटलंही. आता इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. आत जावं लागणार नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं. बापाने हातापाठोपाठ केसही घालवली, आणि मला हायसं वाटलं.

निकाल पुढे आला तो तीन ओळींत सांगता येईल. तक्रारदाराने स्वतःच त्रास लपवला, उपचारांबद्दल समाधान जाहीर केलं, तक्रार फेटाळण्यात येते. बाबांच्या नावापुढे सरकारी मराठीत चूक त्यांचीच असल्याचं लिहून आलं. गावाला जे हवं होतं ते मिळालं.

जबाबाच्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी सवयीप्रमाणे उजवा हात माझ्यापुढे केला, बाहीचं बटण काढायला. बटण काढताना त्यांची वळलेली बोटं माझ्या मनगटाला लागली. थंड होती. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं वर आलं आणि मी चिडूनच विचारलं, “का बोललात असं? मी सांगणार होते ना!”

“त्यांनी तुला इचारला असता,” बाबा म्हणाले, “का नाय नेला म्हणून. मी ते तुला कदी इचारला नाय. मग त्यांनी कशाला इचारायचा?”

मी बाही दुमडत राहिले. दुमडून झाल्यावर हात सोडवेना. त्या शुक्रवारी मान वर करून एवढंच विचारायचं होतं, ते मी पाच वर्षांनी विचारलं.

“दुखतं का, बाबा?”

“आता नाय,” ते म्हणाले, आणि हात काढून घेऊन वाडीकडे गेले.