मावशींच्या पुस्तकातला उलटा फर्मा

१८ जानेवारी, रविवार. सकाळी नऊपासून मी शेजारच्या मावशींची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मावशी सोमवारी सकाळी मुलाकडे इस्रायलला निघणार होत्या, कायमच्या. मावशी बेने इस्रायली, शनिवारी म्हणजे शब्बाथला त्यांच्याकडे काम काढत नाहीत, त्यामुळे सगळा पसारा रविवारवर आला होता. न्यायच्या वस्तूंचा ढीग लहान आणि वाटून टाकायच्या वस्तूंचा मोठा. मी मोठ्या ढिगाशी बसले होते.

मावशी आतल्या खोलीतून म्हणाल्या, "माझं पुस्तक तेवढं आणून दे गं. बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवणार आहे."

"आणते," मी म्हटलं. हातातला डबा मी दोनदा गुंडाळला. पुस्तक माझ्याकडे नव्हतं. दोन महिन्यांपासून नव्हतं.

आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत बायकांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी प्रत्येकीने आपण सध्या काय वाचतोय ते टाकायचं. टाकायचं म्हणजे पुस्तकाचा फोटो, शेजारी चहाचा कप, जमलं तर एखादं फूल आणि खाली दोन ओळी. मी कळंबोलीला औषधांच्या गोदामात स्टॉक सांभाळते, घरी यायला साडेसात होतात. माझं वाचन होत नाही. हे सरळ सांगायला काय हरकत होती? पण मी एकच पुस्तक लागोपाठ तीन रविवार टाकलं, कपाची बाजू बदलून. चौथ्या रविवारी लाज वाटली आणि मावशींकडे एखादं पुस्तक मागितलं.

त्यांनी कपाटातून लाल कापडी बांधणीची एक जुनी कादंबरी काढून दिली. त्यांचे वडील जुन्या पनवेलमध्ये एका छापखान्यात बाइंडर होते, त्यांच्या हातची बांधणी. "मधे एक गंमत आहे," मावशी म्हणाल्या. "तिथे पोचलीस की मला येऊन सांग. मी सांगणार नाही."

मी फोटो टाकला. अंगठे आले, बदाम आले. ग्रुपच्या ॲडमिनबाईंनी लगेच लिहिलं, 'वाचून झालं की मला!' माझी अठरा पानं वाचून झाली होती. मंगळवारी मी त्यांना पुस्तक देऊन टाकलं. गोदामातलं एक खोकं सहीशिवाय दाराबाहेर जाऊ देत नाही मी, आणि दुसऱ्याची वस्तू अशी दिली.

नंतर मावशी लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "आली का गंमत?" आणि मी म्हणायची, "अजून नाही, मावशी. वेळच होत नाही." एकदा नाही, चार-पाच वेळा.

भांडी तशीच टाकून मी उठले. आधी ॲडमिनबाईंकडे गेले.

"अगं, ते मी केव्हाच पुढे दिलं," त्या म्हणाल्या. "पुस्तक फिरतं राहायला हवं. घरात ठेवून काय पुजायचंय?"

"कोणाला दिलंत?"

"आता ते कसं आठवणार? संध्याकाळी हळदीकुंकवाला सगळ्या असतीलच, विचार ना तिथे. आणि येताना सुट्ट्या पिना असतील तर आण."

मी जिन्यात उभी राहून ग्रुपवरचे जुने फोटो मागे मागे सरकवत गेले. ॲडमिनबाईंचा फोटो होता: 'एका बैठकीत संपवलं. निःशब्द!' पुढच्या रविवारी निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळ्या नुसतं बाई म्हणतात: 'भाषेचे वैभव. प्रत्येकीने वाचावे.' त्यानंतर बी विंगमधली, जिला घर सजवायचं वेड आहे ती: 'हरवून गेले.' तिच्या फोटोत पुस्तकाबरोबर मोठा निळा मग होता. त्यानंतर पुस्तक कुठेच दिसत नव्हतं. म्हणजे तिथेच असणार.

दार तिच्या पोळ्या करणाऱ्या बाईने उघडलं. गावातलीच, पीठ लागलेले हात घेऊन आली. "वयनी घरात नाय. बाजारात गेल्यात."

"लाल पुस्तक बघितलंत का? जुनं, कापडाचं?"

"ते व्हय? ते कुंडीखाली हाय."

हॉलच्या कोपऱ्यात मनीप्लँटची कुंडी तीन पुस्तकांच्या चळतीवर ठेवलेली होती. आमचं सगळ्यात वर. मी कुंडी उचलली. कापडावर पाण्याचं गोल वळं उठलं होतं, भाकरीएवढं.

"पन ते खराब हाय ओ," पोळीवाली बाई म्हणाली. "मदली पानं उलटी लागलीत. मी बगलं एक दिस पुसताना. दुकानदाराला परत करा."

मी पुस्तक उघडलं. खरंच, मध्यावर सोळा पानांचा एक फर्मा खालचं वर करून शिवला होता. ही मावशींची गंमत. पुस्तक हातात धरून वाचणाऱ्या कोणालाही ती चुकवता आली नसती. एकीने एका बैठकीत संपवलं होतं, एकीला भाषेचं वैभव दिसलं होतं, एक हरवून गेली होती, आणि पानं उलटी आहेत हे फक्त धूळ पुसणारीला माहीत होतं.

"वयनींना सांगा, मी नेलं," म्हटलं आणि निघाले.

संध्याकाळी पाचला क्लब हाउसमध्ये हळदीकुंकू होतं. यंदाचं वाण म्हणजे बुकमार्क, गोंडा लावलेले. ॲडमिनबाईंनी माझ्या हातावर एक ठेवला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"बाई," मी मुख्याध्यापिकांना विचारलं, "या पुस्तकाचा मधला भाग कसा वाटला तुम्हाला?"

"फार ओघवता," बाई म्हणाल्या. "कुठे अडखळायला होत नाही."

मी पुस्तक मधे उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावला. मग मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"अगं, छपाईची चूक असेल," ॲडमिनबाई म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"

"तुम्ही एका बैठकीत संपवलंत ना? मग काय, शीर्षासनात?"

"हे बघ, सणाच्या दिवशी तमाशा नको."

"तमाशा तुम्ही दर रविवारी करता. कपबशीसकट. हिने तर त्यावर कुंडी ठेवली."

बी विंगमधली लालबुंद झाली. "मला काय माहीत एवढं महत्त्वाचं आहे ते? आणि तू काही बोलू नकोस. तू तरी वाचलंस का?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"अठरा पानं," मी म्हटलं. वाणाचा बुकमार्क ताटात परत ठेवला आणि तिळगूळ न घेता बाहेर पडले. राग त्यांचा आला होता तेवढाच स्वतःचाही, आणि स्वतःचा जास्त जाळत होता. त्यांनी ग्रुपला थापा मारल्या. मी मावशींना मारल्या, तोंडावर.

आता मला सोपं होतं. पानं बघितली होती. "आली गंमत, मावशी," एवढं म्हटलं की झालं, त्या खूश होऊन गेल्या असत्या. पण तेवढं म्हणायला मन धजेना, म्हणून त्या संध्याकाळी पुस्तक द्यायला गेले नाही. निरोप पाठवला, सकाळी आणते.

सकाळी सहाला गेले. मावशी साडी नेसून तयार बसल्या होत्या. दाराच्या चौकटीवरची मेझुझा, प्रार्थना ठेवलेली ती छोटी डबी, काढलेली होती, तिथे दोन स्क्रूंची भोकं राहिली होती. विमानतळाची टॅक्सी यायला अर्धा तास होता.

"आली का गंमत?" त्यांनी विचारलं.

"मी वाचलंच नाही, मावशी. अठरा पानांनंतर दुसरीला दिलं. तिने तिसरीला. कोणीच वाचलं नाही. काल कुंडीखाली सापडलं. पानं उलटी आहेत हे मला पोळीवाल्या बाईने सांगितलं."

मावशींनी कापडावरच्या वळ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "पिशवीत ठेवणार म्हटलं, तरी निघताना तुलाच देऊन जावं असं मनात येत होतं. आता नाही देत."

"नका देऊ."

"वडिलांनी हा फर्मा चुकून उलटा शिवला. मालकाने पुस्तक अंगावर फेकलं, म्हणून ते घरी आलं. आम्ही भावंडं त्यावर वाचायला शिकलो. उलटी पानं आली की धरणाऱ्याने नुसतं धरायचं, समोरच्याने वाचायचं. हीच गंमत. दुसरं काही नाही."

त्यांनी पुस्तक उलट्या पानांवर उघडून मांडीवर धरलं. "बस समोर. ट्रंकेवर बस, खुर्च्या वाटून टाकल्या."

मी बसले. माझ्या बाजूने अक्षरं सुलटी होती. मी मोठ्याने वाचायला लागले. मावशी पानं मागून पुढे उलटत होत्या, आणि मी गाळलं की टोकत होत्या. अकराव्या पानाला खाली हॉर्न वाजला.

"थांब, परिच्छेद पुरा कर," मावशी म्हणाल्या.

तो पुरा केला. त्यांच्या दोन बॅगा खाली नेऊन डिकीत ठेवल्या, आणि तिथूनच बस पकडून गोदामात गेले.