पॅड मागायचे नसतात

कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जगावर विश्वास राहत नाही, आणि राहिला तर धंदा बसतो. कडीचं तसंच होतं. बाजारातल्या एका जिन्याखाली त्याचं एवढंसं दुकान. कुणी किल्लीची नक्कल करून मागितली की हा आधी चष्म्यावरून बघणार, मग घर कुणाचं, मूळ किल्ली कुठे गेली, दुसरी कशाला हवी, सगळं खोदून खोदून विचारणार. किल्ली करताय की सोयरीक जुळवताय, असं गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं. घरातून निघाला तरी कोपऱ्यावरून परत यायचा आणि दार ढकलून बघायचा, बायको आत असली तरी.

‘कडी’ हे नाव मात्र त्याला दुकानानं नाही, हॉकीनं दिलं होतं, गोलला कडी घातल्यासारखा अडवायचा म्हणून. मालगोदामामागच्या मातीच्या मैदानावर दर रविवारी सकाळी एक क्लब आपापसांतच, एकाच गोलवर खेळायचा, त्याचा तो गोलकीपर. क्लब फार जुना. चित्रकला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी तो काढला, तेव्हा पॅडचा एकच जोड होता आणि तो मास्तरांनी स्वतःच्या पायांना बांधला. चेंडूसमोर उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे खरं कारण. क्लबनं नाव घेण्यासारखं काही जिंकलं नाही. कपाटात एक कप आहे, पण तो आपलाच का, यावर अजून वाद होतात. नियम मात्र एक होता आणि तो सगळे पाळायचे. पॅड मागायचे नसतात. गोलकीपर स्वतः सोडून ज्याला देईल त्याचे. तोवर कॅप्टननंसुद्धा तोंड उघडायचं नाही. म्हणून क्लबच्या एवढ्या आयुष्यात गोलकीपर दोनच झाले, आधी मास्तर आणि मग कडी. पॅडही तेच होते, ठिगळं लावलेले, आतला कापूस बदललेले.

कडीची साठी उलटली. गेल्या हिवाळ्यात एक चेंडू छातीवर बसला आणि तो गोलमध्येच खाली बसला, लवकर उठला नाही. त्यानंतर कुठेतरी पाणी मुरतंय असं त्याला वाटू लागलं.

संशय पहिला गेला भाच्यावर. बहिणीचा मुलगा, टायरच्या दुकानात कामाला, क्लबचा सेंटर फॉरवर्ड. त्याचा फटका असा की सगळे त्याला तोफच म्हणायचे. हा तोफ हल्ली मामा दुकानात असताना घरी यायला लागला होता. एकदा कडी लवकर परतला तर मामी आणि भाचा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. त्याला बघताच दोघं नळ गळतो यावर बोलायला लागले. कडीनं जाऊन बघितलं, नळ गळत नव्हता. क्लबच्या पत्र्याच्या खोलीतही तेच. बुटांच्या नाड्या बांधत हसणारी माणसं हा आत आला की गप्प व्हायची, आणि कुणीतरी न मागता पाण्याची बाटली पुढे करायचं. न मागता मिळालेल्या पाण्याला कडी फार घाबरायचा.

यांचा पॅडवर डोळा आहे, हे त्यानं ठरवून टाकलं. पॅड तो घरी घेऊन आला, पलंगाखाली ठेवले आणि साखळी घालून दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप ठोकलं.

“चोर आला तर हे नेणार होय?” बायको म्हणाली.

चोर बाहेरून येणार नाही, एवढंच तो म्हणाला आणि किल्ली कनवटीला लावली.

पुढे एका रविवारी अंघोळ करून तो सवयीनं खाटेवर बसला. खेळून आल्यावर बायको त्याच्या मांड्यांना, दंडांना मालिशचं तेल चोळायची. लग्न झाल्यापासूनचा रिवाज. त्या दिवशी ती आलीच नाही. कशाला हवंय, असं तिनं आतूनच विचारलं. कडीनं स्वतःकडे बघितलं. अंगावर एकही निळा डाग नव्हता. त्यानं फळीवरची तेलाची बाटली काढली, तर ती गळ्यापर्यंत भरलेली आणि तिचं झाकण चिकटलेलं.

तो तसाच बसून राहिला. कित्येक महिन्यांत त्याच्यावर गोल झाला नव्हता, आणि हे तो गिऱ्हाइकांना मिशीला पीळ देऊन सांगत होता. तोफेसारखा माणूस समोर असताना गोल नाही आणि डागही नाही? पॅड कुणाला नकोच होते. उलट ते त्याच्याकडेच राहावेत म्हणून सगळे झटत होते. हे त्याला चोरीहून वाईट वाटलं. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आधी खात्री करायची असं त्यानं ठरवलं. सवयीचा भाग.

पुढच्या रविवारी तोफ चेंडू घेऊन एकटाच गोलसमोर आला. कडी सरकून डाव्या खांबाला टेकला आणि पॅडचा पट्टा आवळायला वाकला. उजवीकडून बैलगाडी गेली असती एवढी जागा मोकळी. तोफ थबकला. त्यानं मोकळ्या जागेकडे बघितलं, मामाकडे बघितलं, त्याचं तोंड कसंनुसं झालं, आणि मग चेंडू हळूच खांबाकडे ढकलला. तो गडगडत कडीच्या पायाशी येऊन थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कडीला त्या मुस्काटात बसल्यासारख्या लागल्या.

गाढवाला खोटं मारतासुद्धा येत नाही, तो मनात म्हणाला. आणि मनात म्हणता म्हणता गार पडला, कारण हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं.

तेव्हा तो स्वतः तरणा होता आणि क्लबमधला सगळ्यात जोरकस फॉरवर्ड होता. मास्तरांना दिसत नाही, जपून मारा, असं कॅप्टननं सगळ्यांना कानात सांगितलं होतं. एका रविवारी मास्तर असेच खांबाला टेकून पट्टा आवळत होते आणि अख्खा गोल मोकळा होता. म्हाताऱ्याला गोल कुठे आहे हेही कळेना, म्हणून त्याला दया आली आणि त्यानं चेंडू त्यांच्या पायाशी सोडला. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी पॅड सोडून त्याच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “तुला खोटं मारता येत नाही. तू अडव.” सगळा जन्म त्यानं हे शाबासकी म्हणून मिरवलं होतं. बायकोला लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं. मास्तरांना तेव्हा सगळं दिसत होतं, हे आज कळलं आणि त्याचे कान तापले.

घरी येऊन त्यानं बायकोला सरळ विचारलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

“मीच सांगितलं भाच्याला, जपून मार म्हणून. पॅड मागायचे नसतात ना तुमच्यात? मग नवरा तरी मागून घेते, म्हटलं.”

भांडायची सगळी तयारी करून आलेला माणूस निमूट जेवायला बसला.

त्यानंतरच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं तोफेला गोलसमोर उभं केलं.

“एक मार. खरा.”

“मामा, कशाला उगाच? मामी मला घरात घेणार नाही.”

“मामीचं मी बघतो. मार.”

तोफेनं मारला. कडी हलायच्या आत मागची फळी दणाणली. कुणी टाळी वाजवली नाही. कडीला वाईट वाटलं, आणि कित्येक महिन्यांनी हलकंही वाटलं. तो तिथेच मातीत बसला, एकेक पट्टा सोडला आणि पॅड भाच्याच्या हातात दिले.

“तुला खोटं मारता येत नाही,” तो म्हणाला. “तू अडव.”

तोफेची छाती फुगली. मामानं सगळ्यांदेखत आपल्या फटक्याची तारीफ केली, असं तो दिवसभर सांगत फिरला. कडीनं त्याला सांगू दिलं. मास्तरांनीही सांगू दिलं होतं.