त्रेसष्ट वेळा ‘येथे पहा’

वाचनालयातली मंडळी त्यांना पाठीमागे टापटीपराव म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. राग यायच्या ऐवजी त्यांना बरंच वाटायचं. आधी वीस वर्षं त्यांनी पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एक चिठ्ठी दुसरीपेक्षा केसभर वर नाही की खाली नाही. मग वाचनालयाची वेबसाइट निघाली आणि ती सांभाळायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. तिथेही त्यांनी तोच शिरस्ता ठेवला. डावीकडे माहिती, उजवीकडे निळ्या अक्षरांत ‘येथे पहा’. त्रेसष्ट ओळी, त्रेसष्ट ‘येथे पहा’, दोरी लावून आखल्यासारखे एकाखाली एक. कुठे लांब नाव, कुठे आखूड, असली दातपडकी कड त्यांना सोसतच नसे.

या नीटनेटक्या संसारात एक दिवस एआयवाला मदतनीस येऊन बसला. वाचकाने फोनवर त्याला विचारायचं, त्याने वेबसाइटवर जायचं, एका अवजाराने पानावरच्या सगळ्या लिंका काढून घ्यायच्या आणि त्यातली हवी ती वाचकाच्या हाती द्यायची. संगणक विभागातल्या बाईंनी हे दोनदा समजावलं. टापटीपरावांनी दोनदा मान डोलावली. डोक्यात मात्र काही शिरलं नव्हतं. लिंका काढून घेतो म्हणजे? मग पानावर उरतं काय? विचारायची लाज वाटली, म्हणून ते रोज सकाळी आल्या आल्या पान उघडून लिंका मोजू लागले. त्रेसष्ट भरल्या की मगच चहा घ्यायचे.

लिंका जागेवर होत्या, पण मदतनीस भलतंच करत होता. पुस्तकाची मुदत वाढवून मागणाऱ्या एका गृहस्थांना त्याने सुट्ट्यांची यादी दिली. एका आईने मुलांचा विभाग विचारला, तर तिच्या हाती गच्चीच्या दुरुस्तीचा अहवाल. टापटीपराव मनातून खूश झाले. यंत्राची फजिती पाहायला कुणाला आवडत नाही?

ती खुशी ताईच्या फोनने उतरली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. सात-आठ वर्षांत तिची नजर हळूहळू गेली होती. पुस्तकांची गोडी त्यांना तिनेच लावली, आणि आता तिच्याच घरात पुस्तकांना कुणाचा हात लागत नव्हता. वाचनालयाने ऐकायच्या पुस्तकांची योजना काढली होती. जागा चाळीस, नोंदणी शनिवारपर्यंत.

“अरे, तुझ्या त्या मदतनीसाकडे अर्ज मागितला,” ताई म्हणाली, “तर त्याने खुर्च्यांच्या खरेदीचं पान दिलं. फोनने मला सगळं वाचून दाखवलं. खुर्च्या चांगल्या घेतल्यात हं तुम्ही.”

“थांब, मीच भरतो तुझा अर्ज.”

“नको. आज अर्ज तू भरशील, उद्या प्रत्येक पुस्तक तूच लावून देशील. मला माझं मी ऐकायचंय. पण आज बुधवार आहे रे, जागा संपतील.”

टापटीपराव तणतणत संगणक विभागात गेले. “तुमचं यंत्र आंधळं आहे का हो?”

“हो काका, आंधळंच आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्याला तुमची सरळ ओळ दिसत नाही. त्याच्या हाती काय येतं ते बघा.”

पडद्यावर यादी उघडली. येथे पहा, पान १. येथे पहा, पान २. येथे पहा, पान ३. अशी थेट त्रेसष्टपर्यंत.

“आता यातला ऐकायच्या पुस्तकांचा अर्ज तुम्हीच दाखवा.”

टापटीपरावांनी चष्मा पुसला. प्रत्येक ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली, पण कोणती कुठली, काही केल्या उमजेना. शेवटी त्यांनी धीर करून एक्केचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. खुर्च्यांची खरेदी उघडली.

“पण वाचकांना शेजारची माहिती दिसते ना!” ते चाचरत म्हणाले.

“ज्यांना दिसतं त्यांना दिसते. ज्यांचा फोन लिंका वाचून दाखवतो त्यांनाही हेच ऐकू येतं, काका. येथे पहा, येथे पहा, येथे पहा.”

टापटीपरावांना एकदम ताई आठवली. दर सोमवारी अकराच्या सुमारास ताईचा फोन यायचा. “काय नवीन आलं रे तुमच्याकडे? वाच बघू जरा.” त्यांना वाटायचं, एकटीला करमत नसेल, गप्पा हव्या असतील. घाईत असले की म्हणायचेसुद्धा, “अगं, सगळं साइटवर टाकलंय, बघ की.” हे आपण तिला कितीदा म्हणालो असू?

दोन दिवस खपून त्यांनी त्रेसष्ट लिंकांना त्रेसष्ट नावं दिली. उजवी कड पार वेडीवाकडी झाली. शुक्रवारी संध्याकाळी ते ताईकडे जाऊन बसले. तिने मदतनीसाला विचारलं आणि फोन बोलला, “ऐकायची पुस्तकं, सभासद अर्ज.” तिने स्वतः बोलून अर्ज भरला. जागा सदतिसावी मिळाली.

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?” त्यांनी विचारलं.

“तू इतक्या कौतुकाने सांगायचास, ओळ कशी सरळ लागलीय ते. मला कुठे दिसत होती? पण तुझ्या आवाजावरून वाटायचं, छान असणार. ते कशाला मोडू?”

सोमवारी टापटीपरावांनी तीन नव्या पुस्तकांची नावं कागदावर काढून ठेवली. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. फोन काही वाजेना. आता तिला विचारायची गरजच काय, हे त्यांना कळत होतं आणि तरी ते फोनकडे बघत होते. साडेअकराला त्यांनीच लावला.

“थांब रे, पुस्तक ऐन रंगात आलंय,” ताई घाईघाईने म्हणाली. “नंतर कर.”

फोन बंद झाला. आनंद व्हायला हवा होता, झालाही होता, तरी हातातला फोन त्यांना लगेच खाली ठेववेना. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.