माडाचं जेवण

गिरगावातल्या आमच्या वाडीच्या अंगणात एक माड होता आणि त्याला रोज जेवण लागायचं. आई बांगडे साफ करायला बसली की डोकी, आतडी सगळं मासळीच्या पाण्यासकट बादलीत जायचं आणि ती बादली माडाच्या आळ्यात. वर चुलीतली राख. शेजारणीही तेच करायच्या. नारळ उतरवले की घरोघर वाटले जायचे, कालवणात पडायचे, आणि त्या कालवणातले काटे पुन्हा माडाकडे. मालवणकडची ही रीत आई सोबत घेऊन आली होती. माडाचं घेतलं तर माडाला द्यायचं, यात कोणाला शिकवण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नसे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि आमच्या अंगणात सभा भरू लागल्या. पुढाऱ्यांच्या धोतरांना चिखल लागतो म्हणून वाडीतल्या पुरुषांनी अख्खं अंगण सिमेंटने बांधून काढलं. अगदी माडाच्या बुंध्याला भिडवून! माझे वडील त्यात सर्वांत पुढे. मुंबईची तसूभर जमीन सोडणार नाही म्हणून घसा फोडणारी ही माणसं, आणि दारातली जमीन यांनी स्वतःच्या हातांनी पुरली. मला आजही त्याचा संताप येतो.

"माडान आता काय शिमिट खावचां?" आईने विचारलं.

"माड काय आजचो आसा? तो आपलां बघून घेयत," वडील म्हणाले आणि मोर्चाला निघून गेले.

आई हट्टाने बादली ओततच राहिली. पाणी सिमेंटवरून गटारात जाई आणि तिथून चौपाटीच्या समुद्रात. अंगणात घाण वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या. मग त्याच पुरुषांनी आईला दटावलं, की बायकांना स्वच्छता कळत नाही. चोर तो चोर, वर शिरजोर! दोनेक वर्षांत माडाचा शेंडा विरळ झाला, नारळ धरण्याआधीच बोंडं गळू लागली. आई ती उचलून आणायची.

राज्य झालं त्या दिवशी वाडीत गुलाल उधळला. वडील धावत वर आमच्या खोलीत आले, फोडायला आपल्याच माडाचा नारळ हवा म्हणाले. आईने एक गळलेलं बोंड त्यांच्या हातावर ठेवलं.

"मुंबई मिळाली तां बरां झालां," ती म्हणाली. "पण माती खंय ठेवलात?"

खालून वडिलांच्या नावाने हाका येत होत्या, आणि ते काही केल्या जाईनात.