पाठीतली नळी आणि तिचं नाव

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, आणि दुखलं म्हणाल तर काहीच नाही. पाठीत बारीक नळी बसवलेली, तिच्यातून दुखणं मारणारं औषध आणि जोडीला थोडं गुंगीचं. कमरेखालचं अंग शेजाऱ्याचं असावं तसं पडलेलं. भूलतज्ज्ञ तरुण होता, भला होता. म्हणाला, "काका, या वयात ऑपरेशननंतर डोकं कधी कधी घोळ घालतं. म्हणून मी रोज काही प्रश्न विचारणार."

मुलगा सुरतेहून आला होता. बायको गेल्यापासून त्याचं एकच टुमणं, कळसाडीच्या घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला. आता डोक्यात जरा घोळ दिसला असता तर त्याला कारणच मिळालं असतं. मला माझं घर सोडायचं नव्हतं.

भूलतज्ज्ञानं वार विचारला, सांगितला. गाव विचारलं, सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत मी इतका खाली गेलो की त्यानंच थांबवलं. जन्म कापूस विकण्यात गेला, हिशेब मला नाही यायचा तर कोणाला? मग त्यानं विचारलं, "बायकोचं नाव काय, काका?"

मी पाणी मागितलं.

माझ्या पिढीत आमच्याकडे बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती. "ऐकलं का?" म्हटलं की ती यायची, संसार तेवढ्यावर झाला. लग्नात बायकांनी दार अडवलं. तिनं उखाणा घेतला. माझी पाळी आली तसा मी लाजून त्यांच्या हातांखालून आत निसटलो. ती उंबऱ्याबाहेर थांबून राहिली.

भूलतज्ज्ञाला वाटलं, गुंगी जास्त झाली. त्यानं नळीतलं सगळं औषधच बंद केलं. दुपारपर्यंत दुखणं असं जागं झालं की मी चादर मुठीत धरली. नाव मात्र ओठांवर येईना.

"आबा, मायनं नाव बी भुली गया?" मुलगा रडवेला झाला. "आते सुरतले चाल. एकला कसा ऱ्हाशी?"

"मले सर्व आठवस."

"मंग सांग."

भिंतीकडे तोंड करून मी नाव घेतलं. भूलतज्ज्ञ म्हणाला, "जरा मोठ्यानं, काका." मोठ्यानं घेतलं. "डोकं एकदम शाबूत," तो हसून म्हणाला. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. बापाच्या तोंडून आईचं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

आता मी घरी आहे, मुलगा सुरतेला गेला. दुखणं थांबलं. एकटेपण फार जाणवतं, ते सांगायची लाज कशाला? संध्याकाळी एकट्यापुरता चहा ठेवतो आणि सवयीनं "ऐकलं का?" म्हणून जातो. कधी कधी नावानंही हाक मारतो, आता जमतं. ती उंबऱ्याबाहेर थांबली होती तेव्हा तिला ऐकायचं होतं ते एवढंच, आणि मी ते नाव पहिल्यांदा घेतलं डॉक्टरला ऐकवायला.